कान्हेरीला जायचं राहिलंय

मुलुंड (पश्चिम)
२२ सप्टेंबर २०२४

चि. मिनू,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण बहीणभाऊ तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू ठेवून देतेस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होईल. हल्ली बारीक पेनाने लिहायला नको वाटतं, म्हणून हा जाडा स्केचपेन. हसू नकोस.

गणपतीत सगळ्यांसमोर बोललो नाही, आता बोलतो. तू आणि हर्षद डिसेंबरात कंबोडियाला निघालात, आनंद आहे. मला न विचारता माझीही सीट धरलीत. माझ्या निहारने मान डोलावली, सूनबाई दीप्तीने माझ्यासाठी चाकाची बॅगसुद्धा बघून ठेवली. मी येणार नाही. मला तिथली देवळं बघायची नाहीत.

मला कान्हेरीला जायचंय, नॅशनल पार्कातल्या त्या लेण्यांत. तुझ्याबरोबर. या दिवाळीनंतर, जसं अण्णा आपल्याला न्यायचे तसं. पुढच्या वर्षी नाही, याच वर्षी.

का म्हणून विचारशील. डोळ्यांचं काहीतरी चाललंय. डॉक्टरकडे खेपा चालू आहेत. पाहायचं ते पाहून घ्यावं असं मनात आलंय, इतकंच. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर केसाएवढ्या रेघा मारल्या, डोळे कुरकुरणारच. बाऊ करू नकोस आणि निहारला फोन करून उलटतपासणी घेऊ नकोस.

तू नॅशनल पार्कच्या गेटपासून चालत पोचता येईल अशा घरात राहतेस. आणि आपल्याला कान्हेरीला जाऊन किती वर्षं झाली हे मला आठवत नाही, तुलाही आठवणार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. उत्तर लवकर दे.

तुझा,
दादा

*

दौलतनगर, बोरिवली (पूर्व)
२९ सप्टेंबर २०२४

ती. दादा, सा. न. (आईने लावलेली सवय म्हणून. राग कायम आहे.)

पत्र आलं तेव्हा वॉचमन वर येऊन म्हणाला, मॅडम, कोर्टाचं काही आहे का? आमच्या सोसायटीत पत्र म्हणजे नोटीसच असते.

आता मुद्द्याचं. तुला मोतीबिंदू झालाय. एवढंच ना? मग असं घुमवून घुमवून काय लिहितोस रे? हर्षदचा गेल्या वर्षी काढला. सकाळी गेला, दुपारी घरी येऊन वरणभात जेवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, तुझ्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या. काढून टाक आणि मोकळा हो. डिसेंबरला अजून वेळ आहे, नव्या डोळ्यांनी कंबोडिया बघशील.

आणि कान्हेरी काय पळून जातेय का? दोन हजार वर्षं तिथे आहे, अजून दोन वर्षं राहील. मला टोमणे मारतोस, तर तू कुठे राहतोस सांग? त्याच डोंगराच्या पलीकडे! तुझ्या गॅलरीतून डोंगर दिसतो, माझ्या खिडकीतून डोंगर दिसतो. तुला एवढं प्रेम होतं तर इतकी वर्षं कुणी अडवलं होतं? बँकेतून रिटायर झाल्यापासून मी तरी जग बघतेय. तू फक्त मुलुंड स्टेशन ते बाजार आणि बाजार ते घर.

माझी खरी अडचण सांगते. आता पासपोर्ट, मग आमच्या सोसायटीचं नवरात्र, मग दिवाळीची साफसफाई. कान्हेरी बघू. सीट मी रद्द करणार नाही, उगाच हट्ट करू नकोस. टूरवाल्याचं माहितीपत्रक पाठवतेय, फोटो तरी बघ.

मिनू

*

मुलुंड (प.)
१४ ऑक्टोबर २०२४

चि. मिनू,

'बघू'. हा शब्द कुणी शोधून काढला त्याला एकदा भेटायचंय मला. आपल्या घरात ज्या गोष्टीला 'बघू' म्हटलं ती कुणीही पुन्हा कधी बघितली नाही.

माहितीपत्रक मिळालं. छान गुळगुळीत आहे. 'प्राचीन दगडी शिल्पांच्या सान्निध्यात एक अविस्मरणीय पहाट' असं त्यात लिहिलंय, दीप्तीने वाचून दाखवलं. मिनू, अगं प्राचीन दगडी शिल्पं तुझ्या घरामागे आहेत! त्यासाठी विमानात बसून सुजलेले पाय घेऊन हिंडायची काय गरज? पण पिकतं तिथे विकत नाही. बोरिवलीच्या डोंगरात आहे म्हणजे ते फुकटचं. तिथे शाळेची पोरं सहलीला जातात, आपण कशाला जायचं?

मी का गेलो नाही विचारलंस. बरोबर विचारलंस, मलाही त्याचा राग येतो. कंपनीत असताना वाटायचं, रिटायर झाल्यावर जाऊ. रिटायर झालो तर तुझ्या वहिनीचं आजारपण. ती गेली, मग एकट्याने जाऊन काय करू? फराळाचा डबा कोण धरणार?

तुला आठवतं ना? दिवाळी संपली की आई उरलासुरला फराळ एका डब्यात भरायची. मोडक्या चकल्या, शंकरपाळ्यांचा भुगा, तळाला राहिलेला चिवडा. त्यातल्या लाडूला चकलीचा वास यायचा. अण्णा म्हणायचे, चला, फराळ संपवायला. मग आपण चौघं कान्हेरीला. तू माकडांना घाबरून डबा फ्रॉकखाली धरायचीस आणि उतरताना माझ्या पाठीवर बसायचीस. अण्णांना इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या मोठ्या चैत्याच्या ओसरीत डाव्या हाताला बुद्धाची जी उंच मूर्ती आहे, तिच्यासमोर ते आपल्याला उभं करायचे आणि म्हणायचे, 'पायापासून वर बघत जा, घाई करू नका.' आपल्या दोघांची मान दुखायची.

मला ती मूर्ती परत बघायचीय. पायापासून वर. बास. हे तुला फार वाटतंय का?

कंबोडियाची सीट रद्द कर. हट्ट म्हण, म्हातारचळ म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

दादा

*

बोरिवली (पू.)
५ नोव्हेंबर २०२४

दादा,

भाऊबीजेला काय झालं होतं तुला? मी एवढी ओवाळायला बसले, तर तू हात पुढे केलास तो थेट निरांजनावर. तेल सांडलं, माझ्या नव्या साडीवर डाग पडला आणि तू 'असू दे, असू दे' म्हणत भिंतीकडे बघत बसलास. माझ्यावर चिडला होतास तर तोंडाने बोलायचं. ताटावर राग कशाला काढायचा? मी परत येताना गाडीत रडले. हर्षद म्हणाला, जाऊ दे, घेऊन जा त्यांना एकदा कान्हेरीला, म्हणजे विषय मिटेल.

तर मिटवते विषय. सीट रद्द केली तुझी, झालं समाधान? आणि कान्हेरी नक्की. रविवारी नको. रविवारी तिथे जत्रा असते, सायकलवाली पोरं, डबे घेऊन आलेल्या मंडळांच्या सहली. सोमवारी जाऊ, ११ तारखेला. सोमवारी सगळे ऑफिसला, चिटपाखरू नसेल. सकाळी नऊला पार्कच्या मेन गेटवर ये. त्या दिवशी गाडी हर्षदला हवी आहे, म्हणून तुला आणायला येता येत नाही. बसने ये, ठाण्यावरून सरळ आहे. फराळ माझ्याकडचा आण म्हणू नकोस, आमच्याकडे यंदा सगळं विकतचं होतं आणि संपलं. दीप्तीकडचं उरलं असेल तर आण.

आणि ऑपरेशनचं ठरवलंस का? मोतीबिंदू पिकू देऊ नये म्हणतात.

मिनू

*

मुलुंड (प.)
१२ नोव्हेंबर २०२४

मिनू,

काल काही बोललो नाही. आज लिहितोय, आणि तुला बरं वाटेल असं काही लिहिणार नाहीये.

मी सकाळी सहाला उठलो. दीप्तीने मोडक्या चकल्यांचा डबा भरून दिला. ती सोडायला येते म्हणाली, मी नको म्हटलं. दोन बस बदलून, घोडबंदरचा तो धुरळा खात गेटवर पोचलो. पोचलो तर गेट बंद. सोमवारी पार्क बंद असतं. दर सोमवारी! आणि हे तुला माहीत नाही! तू तिथे राहतेस, मिनू! त्या गेटवरून रिक्षाने दररोज जातेस! तू त्या गार्डला ऐटीत सांगितलंस, 'मी इथलीच आहे, तीस वर्षं राहते.' तो म्हणाला, 'मग काकू, तुम्हाला तर माहीत पाहिजे.' मला त्याही परिस्थितीत हसू आलं, नंतर मात्र डोकं फिरलं.

मलाही माहीत नव्हतं, कबूल. तीस-तीस वर्षं डोंगराच्या दोन बाजूंना राहणारी आपण दोघं, एकालाही माहीत नाही. टिंबकटूचा व्हिसा कुठे मिळतो हे विचारलं असतंस तर तू सांगितलं असतंस.

आणि मग तू म्हणालीस, 'चल, आता आलायस तर मॉलमध्ये कॉफी पिऊ.' कॉफी! रस्ता ओलांडताना स्कूटर आली, ती मला दिसलीच नाही. तू दंडाला धरून ओढलंस आणि भर रस्त्यात ओरडलीस, 'दादा, आंधळा आहेस का?'

आता सांगतो. हो मिनू, होत चाललोय.

मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. तो काढून टाकता येत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते टिकवायचं फक्त. उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्याने मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. कडेचं काही नाही. निरांजन कडेला होतं. स्कूटर कडेला होती. आणि ही नळी लहान होत चाललीय, पुढच्या दिवाळीपर्यंत काय राहील ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून याच वर्षी म्हणत होतो.

डबा तसाच परत आणला.

दादा

*

बोरिवली (पू.)
१६ नोव्हेंबर २०२४

दादा,

तू मूर्ख आहेस. मोठा भाऊ असलास तरी लिहिते, मूर्ख आहेस.

मी 'मोतीबिंदू, मोतीबिंदू' करत बसले आणि तू करू दिलंस. वरणभात काय, सुरकुत्या काय, काय काय बरळले मी! एका ओळीत सांगता आलं नसतं तुला? सगळ्या घराला माहीत, निहारला माहीत, दीप्तीला माहीत, त्या स्केचपेनाला माहीत. फक्त मला नाही. का, तर मिनू बाऊ करेल. करणारच! तुझा नाही करणार तर कुणाचा करणार?

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुझ्या ओळी उजवीकडे खाली खाली जातायत. पहिल्या पत्रातही जात होत्या. मला वाटलं, मांडीवर ठेवून लिहिलं असशील.

'आंधळा आहेस का' हे माझ्या तोंडातून गेलंय ते आता परत घेता येत नाही. मला झोप लागत नाही.

हे पत्र आजच हर्षदच्या हाती पाठवतेय, उद्या रविवारी गाडी घेऊन येते. कितीही गर्दी असो. तयार राहा.

मिनू

*

मुलुंड (प.)
२२ नोव्हेंबर २०२४

मिनू,

रविवारी तू आलीस आणि मला घेऊन गेली नाहीस, कारण मी खोलीतून बाहेर आलो नाही. दीप्तीने तुला चहा दिला आणि तू रडत परत गेलीस. सगळं ऐकत होतो. रागावलो नव्हतो.

तुझा तो रडवेला आवाज मला नको होता. तू दारातून आलीस ती आजाऱ्याला भेटायला यावं तशी आलीस. माझी कीव करत कान्हेरी दाखवणार असशील तर मी इथेच बरा. मला माझी भांडखोर बहीण हवीय, डबा धरणारी.

दुसरं म्हणजे डोळ्यातलं प्रेशर वाढलंय. ड्रॉप्स बदलले, चार वेळा घालायचे. डॉक्टर म्हणाले, सध्या धूळ नको, ऊन नको. तेव्हा आता तू कंबोडियाला जाऊन ये. हो, जा. तू घरात बसलीस म्हणून माझी नळी रुंद होणार नाही. जानेवारीत जाऊ आपण. तोवर मी जपून राहतो. खरंच.

रागाने नाही म्हणत. जा, बघ, ये.

दादा

*

बोरिवली (पू.)
२८ डिसेंबर २०२४

दादा,

खोटारड्या!

'तोवर जपून राहतो.' मी तिकडे विमानात बसले आणि इकडे तुझं ऑपरेशन! तारीख आधीच ठरली होती, म्हणून मला 'जा, जा' करत होतास. दीप्तीने काल सांगितलं. तिला ओरडू नकोस, मी वकिलासारखं खोदून खोदून विचारलं. प्रेशर उतरलं म्हणाली, पण नजर आणखी थोडी गेली. थोडी म्हणजे किती? तू सांगणार नाहीसच.

कंबोडियाचं विचारशील. काय सांगू? पहाटे काळोखात उठवून नेलं. हजारभर माणसं तळ्याकाठी मोबाईल वर करून उभी. माझ्यापुढे एक उंच बाई, तिच्या मोबाईलच्या स्क्रीनमध्ये मी सूर्योदय बघितला. देवळं भव्य आहेत रे, खोटं कशाला बोलू. एका भिंतीसमोर मी गाइडला विचारत होते, ही कोण, हिच्या हातात काय आहे, हे कधी कोरलं. सगळं लक्ष देऊन ऐकत होते. आणि मधेच असा संताप आला मला स्वतःचा! घरामागच्या डोंगरात काय कोरलंय ते मी कुणाला कधी विचारलं होतं? हर्षद म्हणाला, तुझं लक्ष कुठाय? मी म्हटलं, बोरिवलीत.

आता ऐक. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. महिनाभराने चालेल म्हणाले, काळा चष्मा लावून. १९ जानेवारी, रविवार. गाडीने न्यायला येते, आतल्या बसचं बघून ठेवलंय, पायऱ्यांवर माझा हात धरावा लागेल आणि तू धरशील. गर्दीच्या आधी, सकाळी गेट उघडल्या उघडल्या आत शिरायचं. कीव बिलकुल करणार नाही. वाटेत दोनदा भांडेन, लिहून देते.

मिनू

*

मुलुंड (प.)
२१ जानेवारी २०२५

मिनू,

हे पत्र दीप्ती लिहितेय. मी सांगतोय तसंच लिही म्हटलंय तिला, गोड करू नकोस.

परवा तू फार केलंस माझ्यासाठी. शब्द दिलास तशी वाटेत भांडलीसही. पायऱ्यांवर माझ्यापुढे एकेक पायरी उतरून, चढून दाखवलीस, 'इथे खाच आहे, इथे गुळगुळीत आहे' सांगत राहिलीस. मला बरं वाटत होतं. पाण्याच्या टाकीपाशी गार वाऱ्याला बसलो, दगडाचा तो ओलसर वास आला आणि एकदम अण्णांची आठवण झाली. तुझ्या तिळगुळाला चकलीचा वास नव्हता, बाकी सगळं तसंच होतं.

मग चैत्याच्या ओसरीत गेलो. डावीकडची मूर्ती. काळा चष्मा काढून मी पायापासून सुरुवात केली. माझ्या नळीत एक पाऊल तेवढं मावलं. मग वस्त्राचा काठ. मग थोडं वर, खाली सोडलेला हात, त्याची बोटं. तू म्हणालीस, किती वेळ? मी म्हटलं, अण्णांनी घाई करू नका म्हणून सांगितलंय. कमरेपर्यंत आलो, छातीपर्यंत आलो. इथवर सगळं दिसत होतं मला. अंधुक, पण दिसत होतं.

आणि त्याच्यावर काळं. नुसतं काळं. डोळा इकडे तिकडे फिरवून बघितला. तू मोबाईलचा दिवा वर धरलास, तरी काळं. तेवढ्यात तू म्हणालीस, 'किती शांत चेहरा आहे, नाही रे?' मी 'हो' म्हटलं. मान हलवली. तू खूश झालीस, म्हणून पुढे बोललो नाही.

मिनू, मला चेहरा दिसला नाही. तुला दिसत होता, मला दिसत नव्हता. म्हणजे जे राहिलं होतं त्यातला वरचा भागही गेला. उशीर झाला आपल्याला. सप्टेंबरात गेलो असतो तर, दिवाळीत गेलो असतो तर, असलं काही मी बोलणार नाही. मीच इतकी वर्षं गेलो नाही. दोष कुणाला देऊ?

आता कान्हेरीचं नाव काढू नकोस. मूर्तीचे पाय बघितले, हात बघितला, झालं. डॉक्टरकडे पुढल्या महिन्यात जायचं होतं, तेही नको वाटतं. काय जपायचं आता? ड्रॉप्सची बाटली दीप्ती घेऊन उभी राहते, मी तिला बाहेर पाठवतो. हे वाक्य ती लिहायला तयार नव्हती.

तू रागावू नकोस.

दादा

*

बोरिवली (पू.)
२८ जानेवारी २०२५, मंगळवार, सकाळ

दीप्ती, हे मोठ्याने वाच. त्याने मधे तोंड घातलं तर थांबू नकोस, पुढे वाचत जा.

दादा,

रागावू नकोस म्हणतोस? मी इतकी रागावलेय की काल दिवसभर हर्षद माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही.

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचलं आणि देवासमोर जाऊन बसले. काय करावं सुचेना. रविवारी दुपारी चप्पल पायात घातली आणि एकटीच निघाले. २६ जानेवारी, सुट्टी, अख्खी बोरिवली तिथे लोटलेली. बसला ही रांग! चेंगरत, धक्के खात, घाम पुसत वर पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. मला फक्त त्या मूर्तीला जाऊन विचारायचं होतं की माझ्या भावाने तुझं काय वाकडं केलं होतं.

आधी एक कबुली. १९ तारखेला मी तुला म्हणाले ना, किती शांत चेहरा आहे? दादा, मला चेहरा दिसतच नव्हता. काळाकुट्ट अंधार होता तिथे वर. तो मोबाईलचा दिवा काय, हनुवटीपर्यंतही पोचत नव्हता. मला वाटलं, तुला वाईट वाटू नये, म्हणून बोलले. शांत असेलच म्हटलं, बुद्धाचा चेहरा आणखी कसा असणार? आणि तू 'हो' म्हणालास! मला वाटलं, अरे वा, याला दिसतोय, माझेच डोळे गेले की काय. पुढच्या आठवड्यात चष्म्याचा नंबर काढायला जाणार होते मी!

कळलं का तुला? तुझी नळी नाही संपली. तिथे काळोखच होता. तुझे डोळे तुला खरं तेच सांगत होते. खोटं मी बोलले, आणि मग तूही बोललास.

तर रविवारी मी तिथे उभी राहिले. शेजारी पोरं आरडाओरडा करत होती, एक बाई काकड्या विकत होती, कुणाचं बाळ रडत होतं. आणि दादा, ऊन आत आलं. ते लेणं मावळतीकडे तोंड करून आहे रे! सकाळी तिथे सावलीच असणार. ऊन यायला दुपार व्हावी लागते. आधी ते जमिनीवर आलं, मग पावलांवर, मग हळूहळू वर चढायला लागलं. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. गार्ड म्हणाला, काकू, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. चढत चढत ते हातावर आलं, छातीवर आलं, आणि मग चेहऱ्यावर आलं.

सकाळचं ऊन कुठल्या लेण्यात आणि दुपारचं कुठल्या, हे आपल्याला ठाऊक नाही. सोमवारी बंद हे ठाऊक नाही. इतकी वर्षं इथे राहून आपण काय केलं कोण जाणे. अण्णा नेमके दुपारी जेवून का निघायचे, हे आपण त्यांना एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, फराळ पचावा म्हणून.

चेहरा कसा आहे ते मी लिहिणार नाही. एक अक्षर लिहिणार नाही. मला पुन्हा खोटं बोलायचं नाही आणि तुझ्या वाटचं बघून टाकायचं नाही. तुला दिसेल का? मला माहीत नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, अंधुक उजेडात त्यांना दिसणारच नाही, लख्ख उजेडात बघा. याहून जास्त ते बोलले नाहीत. मीही बोलत नाही. कदाचित नाक तेवढं दिसेल, कदाचित एक डोळा. जे दिसेल ते तुझं.

काल पार्क बंद, म्हणून आज दुपारी. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही, ते दीप्तीच्या हातात देऊन मी खाली आलेय. गाडी तुमच्या गेटसमोर उभी आहे, हर्षद स्टिअरिंगवर आहे, मी दार उघडं धरून उभी आहे आणि मागे एखादा टेम्पोवाला नक्की हॉर्न मारत असेल. दीप्ती, त्याला आधी ड्रॉप्स घाल, मग बूट.

ऊन आपल्यासाठी थांबणार नाही, दादा. ऊठ.

मिनू